चिमट्याबाहेरचे शब्द

आमच्या शाळेत सर होते तोवर कुणाला नुसतं 'छान' म्हणून सुटता येत नसे. चहा छान झालाय म्हटलं, की ते कप खाली ठेवून विचारत, "कशावरून?" मग आलं चांगलं उतरलंय, साखर बेताची पडलीय, असं काहीतरी शोधून सांगावं लागे. तसं सांगितलं की त्यांचं समाधान होई आणि ते कप पुन्हा उचलत. चहा करणाऱ्या मावशींना आधी वाटायचं, हा माणूस आपल्या चहाला नावं ठेवतोय. पुढे त्याही तयार झाल्या. सर कप तोंडाला लावायच्या आत दारातूनच ओरडायच्या, "आज गवती चा टाकलाय गुरुजी, आदी वास घ्या, मंग बोला."

शेणव्याच्या पुढे रस्ता आत वळतो, तिथे आमची शाळा. पाचवी ते आठवी. मी गणित आणि विज्ञान शिकवायचे, शहापूरहून एसटीनं जाऊन-येऊन. सर मराठीला. ते मुरबाडकडच्या एका गावातून किन्हवलीच्या रस्त्यानं जुन्या स्कूटरवर येत. उंच, किडकिडीत माणूस. कॉलर कायम एका बाजूनं आत दुमडलेली. त्यांच्या खिशाला पेन नसे. कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे मात्र ओळीनं लावलेले असत. रस्त्यात कुणी थट्टेनं म्हणे, "काय गुरुजी, धुणं राह्यलं का आज?" तर ते गंभीरपणे सांगत, "हो, बरंच राहिलंय."

ते चिमटे म्हणजे अवतरणचिन्हं होती. सरांच्या वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक दोरी बांधलेली असे. धड्यावर किंवा कवितेवर उत्तर लिहायचं, तर मुलांनी आपलं म्हणणं पांढऱ्या पट्टीवर लिहायचं, आणि ते म्हणणं पुस्तकातल्या ज्या वाक्यावरून सुचलं, ते वाक्य पिवळ्या पट्टीवर. पिवळी पट्टी दोन बाजूंनी दोन चिमटे लावून दोरीवर टांगायची. चिमट्यांच्या आत जे आहे ते पुस्तकाचं. त्यातली एक वेलांटीसुद्धा हलवायची नाही. चिमट्यांच्या बाहेर जे आहे ते तुमचं. ते तुम्ही घरी बोलता तसं लिहिलं तरी चालेल.

"चिमट्यातले शब्द उसने," ते सांगत. "जसे आणले तसे ठेवायचे. बाहेरचे तुझे. ते दुसऱ्याचे आणलेस तर माझ्याशी गाठ आहे."

दुसऱ्याचे म्हणजे गाईडचे. आमच्याकडे पुस्तक फाटलेलं असलं तरी गाईड कोरं करकरीत असायचं. 'प्रस्तुत पाठातील वडील कष्टाळू, प्रेमळ व स्वाभिमानी आहेत' हे वाक्य मुलं सगळ्या धड्यांतल्या सगळ्या वडिलांना लावत. ते वाचलं की सर त्या मुलाला उभं करत नसत. स्वतःच त्याच्या बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसत, पुस्तक उघडत आणि म्हणत, "प्रेमळ कुठं दिसला रे तुला? मलाही बघायचाय." मुलगा पानं चाळे. सरही त्याच्याबरोबर खरोखरच शोधत. कधीकधी तास संपेपर्यंत शोधत. धड्यातला बाप प्रेमळ नाही असं निघालं, की दोघांनाही काहीतरी सापडल्यासारखं वाटे.

सांग, दाखव, उलगड. सगळी शिकवणूक ती एवढीच. आधी तुला काय वाटतं ते सांग. मग ते कुठं दिसलं ते दाखव. आणि मग त्यातून तुझं म्हणणं कसं निघतं ते उलगड. पहिल्या दोन गोष्टी मुलांना लवकर जमत. तिसरीपाशी सगळी अडत. ओळ उतरवली की झालं, असं त्यांना वाटे. सर म्हणत, "साक्षीदाराला बोलावून आणलंस आणि नुसता दारात उभा केलास. तो काय बोलतोय ते कोण ऐकणार?"

घरीदारी, स्टाफरूममध्ये, सगळीकडे त्यांचं हेच. आमच्या मोबाइलच्या ग्रुपवर सकाळी सकाळी सुविचार येत, खाली कुणातरी थोर माणसाचं नाव. सरांचं उत्तर ठरलेलं: 'कुठे?' हेडसर एकदा वैतागून म्हणाले, "अहो सर, सुविचार आहे, घ्या ना गोड मानून." सर म्हणाले, "गोड आहेच. पण आहे कुणाचा?" हेडसरांनी कुणाचा निरोप सांगितला तरी त्यांना नेमके शब्द हवे असत. "ते 'बघू' म्हणाले की 'करू' म्हणाले?" या दोन शब्दांमध्ये शाळेचं एक सबंध शौचालय अडकलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे आम्हाला त्यांना फारसं हसताही येत नसे.

शाळेच्या गावातले जुने पोलीस पाटील वारले, तेव्हा शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. तालुक्याहून माणसं आली होती. आधारवड कोसळला, गाव पोरकं झालं, पोकळी निर्माण झाली. सगळं बोलून झालं. पाटलांची बायको भिंतीशी बसली होती. तिच्यापर्यंत यातलं काही पोचत नव्हतं. शेवटी सरांना कुणीतरी बोला म्हणालं. सर उभे राहिले, दोन्ही हातांची बोटं वर करून हवेतच चिमटे केल्यासारखी धरली आणि म्हणाले, "'मास्तर, पोरं भिजतील, मी कौलं घेऊन येतो.' असं ते मला एका पावसाळ्यात म्हणाले होते. आणि ते कौलं घेऊन आले. स्वतः वर चढले." एवढं बोलून ते खाली बसले. पाटलांची बायको तेव्हा पहिल्यांदा रडली. "असंच बोलायचे ते," ती म्हणाली. "अगदी असंच."

त्या दिवसापासून मला सरांचं वेड जरा वेगळं दिसायला लागलं. तोवर मी त्यांना नुसता काटेकोर माणूस समजत होते.

मंजुळा आमच्याकडे पाचवीत आली ती डोंगरावरच्या पाड्यातून. वर्गात तोंड उघडायची नाही. तिची घरची बोली वेगळी, आणि ती बोलली की खालच्या गावातली मुलं हसत. सहावी संपली तरी तिची पांढरी पट्टी पांढरीच असे. पिवळी मात्र रोज भरलेली. ओळ अचूक शोधायची, तिच्यावरून काय वाटतं ते मात्र लिहायची नाही. सरांनी तिला कधी टोकलं नाही. "साक्षीदार आणतेय," ते मला म्हणाले. "एक दिवस म्हणणंही आणील."

सातवीच्या पुस्तकात एका नावाड्याची गोष्ट होती. नदीवर पूल होतो. नावाडी उद्घाटनाला जातो, पूल चांगला झाला म्हणतो, आणि घरी येतो. गाईडमध्ये उत्तर होतं, की नावाड्याला गावाच्या प्रगतीचा आनंद झाला. सगळ्या वर्गानं तेच लिहिलं. माझा वर्ग पलीकडेच, मध्ये प्लायवुडची भिंत. त्यामुळे त्या दिवशीचं सगळं मला ऐकू आलं.

"नाय खुश तो," मंजुळा म्हणाली.

कुणीतरी हसलं. सरांचा आवाज आला, "कोण हसलं? त्यानं आधी आपला पुरावा द्यावा. बोल मंजुळा. कशावरून?"

तिनं ओळ वाचली. "'पूल चांगला झाला, असे म्हणून तो घरी आला आणि त्याने वल्ह्याला तेल लावले.'"

"मग?"

"पूल झाला ना सर? मंग तेल कसाला लावतो वल्ह्याला? तेला नाय पटला अजून पूल झाला त्यो." आणि जरा थांबून ती म्हणाली, "माजा आजा पन असाच करतो. आमचा जुना गाव धरनात गेला. आजा बोलतो, बरा झाला, मुंबईला पानी भेटला. पन बसतो धरनाकडं पाठ करून."

मग सर म्हणाले, "हे लिही. जसं बोललीस तसंच. आजाचंही लिही, पण चिमट्याबाहेर."

तेच उत्तर तिनं सहामाहीलाही लिहिलं. त्या वर्षी उत्तरपत्रिका शाळाशाळांमध्ये अदलाबदल करून तपासल्या होत्या. मंजुळाच्या उत्तराला भोपळा मिळाला. सर ती उत्तरपत्रिका आणि पुस्तक घेऊन स्कूटरवर त्या परीक्षकांकडे गेले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी सरांना बसवलं, चहा दिला, ओळही वाचली. पण गुण बदलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सरांनी मंजुळाला सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "मी गेलो होतो. ते म्हणाले, 'उत्तर वाईट नाही, पण उत्तरसूचीत नाही.' जे ऐकलं ते तसंच सांगतोय. शून्य राहील."

"मंग मी लिवलं ते खोटं हाय का?"

"नाही."

"कशावरनं?" मंजुळानं विचारलं.

सर तिच्याकडे बघतच राहिले. मग पुस्तक उघडून तिच्या बाकावर बसले आणि त्या नावाड्याच्या ओळीपासून सगळं पहिल्यापासून तिला उलगडून दाखवायला लागले, जणू ती तपासनीस होती आणि त्यांना पास व्हायचं होतं. त्या दिवशी संध्याकाळी स्कूटरला किक मारताना ते मला म्हणाले, "बाई, आज मला कुणीतरी कशावरून म्हणून विचारलं. इतकी वर्षं वाट बघत होतो."

त्यांच्या पाठांतराची सगळ्यांना धास्ती असे. पाचवी ते आठवीची मराठीची पुस्तकं त्यांना अथपासून इतिपर्यंत येत. शिकवताना ते पुस्तक हातात धरत नसत. फळ्यावर ओळ लिहीत ती स्वल्पविरामासकट बरोबर. त्यांनी वर्गात एक नियम केला होता. फळ्यावरच्या ओळीत ज्याला चूक सापडेल, त्यानं पुढे येऊन खडू सरांच्या हातातून घ्यायचा आणि ती ओळ स्वतः लिहायची. हा मान कुणालाच मिळत नसे, म्हणून मुलं त्याच्यासाठी जीव टाकत.

मंजुळा आठवीत गेली त्या वर्षी हा मान मिळायला लागला.

आधी एखादा शब्द इकडचा तिकडे. 'सावकाश'च्या जागी 'हळूहळू'. मुलं ओरडत, "सर, चुकलं!" सर खूश होऊन खडू देऊन टाकत. आम्हाला वाटलं, मुद्दाम करतात, मुलांना जागं ठेवायला. कदाचित सुरुवातीला त्यांनाही तसंच वाटून घ्यावंसं वाटत असेल. दिवाळीनंतर मुलं ओरडेनाशी झाली. चूक दिसली की एकमेकांकडे बघत आणि वहीत गपचूप बरोबर ओळ लिहीत. सर हातात पुस्तक घेऊन वर्गात जायला लागले. एकदा मधल्या सुट्टीत मी त्यांना रिकाम्या वर्गात बघितलं. पाचवीचं पुस्तक उघडून, एकेका शब्दाखालून बोट फिरवत ते ओठांतल्या ओठांत वाचत होते.

मग तो दिवस आला. त्यांनी आठवीच्या वर्गाला मागच्या वर्षीची नावाड्याची गोष्ट पुन्हा काढायला लावली होती, उजळणी म्हणून. मला पलीकडून त्यांचा आवाज ऐकू येत होता. नावाडी उद्घाटनाहून परत निघतो, तिथपर्यंत आले होते.

"आता ही ओळ शोधा," सर म्हणाले. "'परतताना तो वाट विसरला, आणि हे त्याने कुणालाच सांगितले नाही.' सगळ्या गोष्टीचा जीव त्या ओळीत आहे. पिवळ्या पट्टीवर घ्या."

स्वतः त्यांनी पट्टीवर लिहून ती दोरीला टांगली असावी, कारण चिमटे लावल्याचा आवाज आला. मग नुसती पानं उलटल्याचा आवाज. बराच वेळ तोच. माझा वर्गही गप्प होऊन ऐकायला लागला.

"सर," मंजुळाचा आवाज. "ही ओळ नाय."

"आहे. शोधा. पुस्तक खोटं बोलत नाही."

पुन्हा पानं. मी खडू ठेवून बाहेर व्हरांड्यात आले. दारातून मला दिसलं, सर मंजुळाच्या बाकावर बसले होते आणि दोघं मिळून शोधत होते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिचं बोट आणि त्यांचं बोट बरोबरीनं चाललं होतं. शेवटच्या पूर्णविरामापाशी दोन्ही थांबली. सर उठले.

"नाहीये," ते म्हणाले. "म्हणजे ही पुस्तकातली नाही. मग चिमटे काढायला हवेत."

ते दोरीपाशी गेले, एक चिमटा काढला, मग दुसरा. पट्टी खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही. चिमटे खिशाला लावले आणि खुर्चीवर जाऊन बसले. घंटा होईपर्यंत वर्गातलं एकही मूल हललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मंजुळा शाळेत येईना. आठवडा असाच गेला. पाड्यावरची दुसरी मुलं म्हणाली, "ती नाय येयाची. ती बोलते, मी बोलले म्हनून सरांना तसा झाला."

सर मला म्हणाले, "बाई, माझ्याबरोबर चला. एकट्याला रस्ता लागेल की नाही, माहीत नाही." हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं, की मला त्याचा अर्थ वाट चढायला लागल्यावर कळला.

पाड्यावर मंजुळा ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. आम्हाला बघून ती आत पळायला निघाली, पण तिच्या आज्यानं हटकलं. म्हातारा अंगणात दरीकडे पाठ करून बसला होता. खाली दूरवर भातसानगरची घरं आणि धरणाचं पाणी चमकत होतं. सर ओटीवर तिच्यासमोर बसले आणि त्यांनीही एक शेंग हातात घेतली.

"सगळ्यांना दिसलं होतं ना, ओळ नाही म्हणून?" त्यांनी विचारलं.

मंजुळानं मान हलवली.

"मग बोललीस तू एकटीच का?"

"तुमीच शिकवलं ना." तिचे डोळे भरले होते. "गप बसले असते तं बरा झाला असता."

"नसतं झालं." सर शेंग सोलायला गेले, पण ती त्यांना नीट सोलता येईना. तिनं ती त्यांच्या हातातून घेतली आणि सोलून दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. "तू गप्प बसली असतीस, तर मी तुम्हा सगळ्यांना खोटी ओळ देऊन घरी गेलो असतो. उद्या आणखी एक दिली असती. माझी सगळी शिकवणूक पाण्यात गेली असती. तू ती वाचवलीस."

"पन तुमाला लागलं."

"लागलं," सर म्हणाले. "पण ते तुझ्यामुळे नाही. उद्या शाळेत ये."

ती आली. त्याच दिवशी सर हेडसरांच्या खोलीत गेले आणि मलाही बोलावून घेतलं. "तुम्ही पलीकडच्या वर्गात होतात," ते म्हणाले. "साक्षीला या."

हेडसर खुर्चीतून अर्धे उठले. "अहो सर, बसा. साक्ष कसली? वय झालं की होतं असं."

"वयामुळे कशावरून? तुमचंही वय माझ्याएवढंच आहे." सर बसले नाहीत. हात पाठीमागे बांधून ते वर्गात उत्तर द्यायला उभं राहिल्यासारखे उभे राहिले. "माझं म्हणणं असं, की मी आता शिकवू नये. पुरावा देतो. किन्हवलीच्या नाक्यावर मी स्कूटर थांबवली आणि मला कुठं जायचंय तेच आठवेना. बकऱ्या घेऊन जाणाऱ्या एका माणसाला मी विचारलं, 'मी रोज कुठे जातो?' त्यानं सांगितलं, म्हणून मी शाळेत पोचलो. हे मी घरीही बोललो नाही. दुसरं, मी वर्गातल्या मुलींना माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारतो. ती लहानपणीच गेली. तिसरं बाई सांगतील. बाई, त्या दिवशी मी काय म्हणालो?"

सर थांबून राहिले. कुणी उत्तर शोधत असलं की ते असेच थांबत.

"तुम्ही म्हणालात, ओळ आहे, शोधा म्हणून."

"नेमके शब्द, बाई."

"'आहे. शोधा. पुस्तक खोटं बोलत नाही.'"

"बरोबर." त्यांनी मान हलवली. उत्तर बरोबर आलं की हलवत तशीच. मग हेडसरांकडे वळले. "सांगितलं, दाखवलं. उलगडायचं तेवढं मला जमत नाहीये. ते तुम्ही करा."

हेडसरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी पुढे त्याला नाव दिलं. ठाण्याला तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. सरांनी निरोप समारंभ करू दिला नाही. भाषणात लोक काय काय बोलतील, त्याची त्यांना भीती वाटली असावी. शेवटच्या दिवशी त्यांनी वर्गातली दोरी सोडवली, गुंडाळी करून माझ्या टेबलावर ठेवली आणि मागे न बघता निघून गेले. त्यांचा मुलगा त्यांना न्यायला मोटरसायकल घेऊन आला होता.

मी मधूनमधून मुरबाडकडे त्यांच्या घरी जायचे. पहिल्या वर्षी ते मला ओळखत. शाळेचं विचारत, 'कशावरून' म्हणत, आणि मी सांगितलेलं थोड्या वेळानं पुन्हा विचारत. मंजुळा शहापूरला अकरावीला गेली तेव्हा तीही माझ्याबरोबर आली होती. तिनं त्यांना कॉलेजच्या पुस्तकातलं काही वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. वाचून संपल्यावर त्यांनी विचारलं, "कुणाची मुलगी तू? स्पष्ट वाचतेस." ती बाहेर जाऊन न्हाणीपाशी बराच वेळ तोंड धूत राहिली. मग आत येऊन पुढचं पान वाचायला लागली. एसटीचा टाइम होईपर्यंत वाचत होती. आता ती डी.एड. करतेय. मराठीच शिकवायची म्हणते.

सर गेले ते मागच्या पावसाळ्यात, ताप आला आणि उतरला नाही. मला मात्र त्यांच्या जाण्यापेक्षा त्याआधीची उन्हाळ्यातली एक दुपार जास्त आठवते. ती माझी शेवटची भेट.

अंगणात साडीवर तांदळाच्या फेण्या वाळत घातल्या होत्या. सर आंब्याच्या सावलीत बाजेवर बसले होते, धुतलेला सदरा, केस नीट विंचरलेले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, काठी घेऊन उन्हात उभ्या होत्या, कोंबड्या हाकलत. मला बघून त्या हसल्या. "या बाई. आज बरे हायत. सकाली पेज खाल्ली सगली."

मी सरांच्या शेजारी स्टुलावर बसले. ते माझ्याकडे बघून नमस्कार करत म्हणाले, "आपण लांबून आलात का?" मी शहापूर म्हटलं. "हां, हां," ते म्हणाले, पण त्यांचं लक्ष काकूंकडे होतं. बराच वेळ ते त्यांच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "त्या बाई कधीच्या उन्हात उभ्या आहेत. मी रोज बघतो. सगळं काम त्याच करतात. मला भरवतात सुद्धा. फार चांगल्या आहेत."

काकूंनी ते ऐकलं होतं. त्या काठी टेकवून तशाच उभ्या राहिल्या.

सरांनी बाजेवर सरकून जागा केली आणि त्यांना हाक मारली, "अहो बाई, बसा ना तुम्ही पण. दमला असाल."

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून नुसतं पानी आन, पिशवी दे. बस म्हनून कदी बोलले नाय. आता रोज बसा बोलतात. 'तुमी' बोलतात मला." त्या हसत होत्या आणि पदरानं डोळेही पुसत होत्या.

"बसा," सर पुन्हा म्हणाले. आणि मग, पाहुण्यांची चौकशी करावी तशा आवाजात, "तुमचे यजमान कुठे असतात?"

कोंबड्या फेण्यांवर आल्या होत्या. काकूंनी त्या हाकलल्या नाहीत.

"हायत ना," त्या म्हणाल्या. "शालंत शिकवतात. येतील आता."

"मास्तर आहेत?" सरांचा चेहरा उजळला. "चांगलं आहे. मग ते येईपर्यंत बसा इथं सावलीत."

काकूंनी काठी झाडाला टेकवून ठेवली, पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि पहिल्यांदाच कुणाच्या घरी आल्यासारख्या, बाजेच्या अगदी कडेला त्यांच्या शेजारी बसल्या.